खाचरातील बुडबुडे

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. ती सुकू लागली, की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि हवा खोलवर शिरते. कोकणातील भातखाचराची रीत याच्या अगदी उलट. तेथे बांध घालून पाणी अडवितात, चिखलणी करतात, वाकून वाकून रोपांची लावणी करतात. आणि पुढे कित्येक आठवडे जमीन पाण्याखालीच राहते. अशा खाचरात पाय रोवला, की तळातून बुडबुडे वर येतात. त्यांत काय बरे असते?

हे कुतूहल जुने आहे. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि त्या वायूला ज्योत दाखविली. तो पेटला! त्यालाच आज मिथेन म्हणतात. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोही मुख्यतः हाच.

मातीत असंख्य सूक्ष्म जीव नांदतात. हवा खेळती असते तोवर ते प्राणवायूच्या साहाय्याने पालापाचोळा कुजवितात. परंतु पाणी साचले, की ते मातीवर झाकणासारखे बसते आणि आतला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग, ज्यांना प्राणवायू विषासमान असतो, असे जीव बळावतात व कुजणाऱ्या द्रव्यापासून मिथेन तयार करतात. यांना पूर्वी जिवाणूच समजत. १९७७ साली कार्ल वोज व त्यांचे सहकारी यांनी त्यांचे कूळ निराळे असल्याचे दाखविले.

मौज अशी, की हा वायू बुडबुड्यांवाटे थोडाच बाहेर पडतो. भाताच्या रोपात पानांकडून मुळांकडे हवा नेणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. त्याच वाटेने मिथेन वर येतो. रोप म्हणजे जणू खाचराचे धुराडेच!

मिथेन उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा प्रभाव तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भरतो. मग भात पिकवूच नये काय? जगातील निम्म्याहून अधिक लोकांचे ते मुख्य अन्न आहे. शेतकऱ्याला दोष देणे तर अन्यायाचेच. कारण पाण्यामुळे तण दबते, म्हणून तो ते साठवितो.

फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक सोपा उपाय प्रचारात आणला. छिद्रे पाडलेली नळी खाचरात पुरायची, आतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरू द्यायचे आणि मगच पुन्हा पाणी सोडायचे. पीक फुलोऱ्यात असताना मात्र पाणी तुटू द्यायचे नाही. मधूनमधून झाकण उघडल्याने मिथेन पुष्कळ घटतो. तथापि ओल आणि सुकण यांच्या फेऱ्यात दुसरे जिवाणू खतातील नत्रापासून नायट्रस ऑक्साइड बनवितात, आणि तो मिथेनहूनही प्रखर आहे. म्हणून खत बेतानेच घालावे लागते.

शिवाय आषाढात कोकणचे आभाळ कोणाचे ऐकते? तेथे खाचर सुकविणार तरी कसे! रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी निराळी वाट धरली. त्यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही व लावणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकतात. वाफा उंच असल्याने मुळांशी हवा राहते. कापणीनंतर जुनी मुळे उपटत नाहीत. ती जागच्या जागी कुजून मातीत बारीक नळ्या पडतात, आणि पुढच्या पिकासाठी त्यांतून हवा व पाणी खाली उतरते.