टाकीभर पाणी आणि पाच हजार कोटींचे अंतर

गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली आहे. पाणी नितळ आहे, वास नाही, चवही चांगली आहे. हे पाणी पिण्यास अयोग्य ठरण्यासाठी त्यात किती वजनाचे जंतू पुरेत? ग्रॅमचा दहा कोटीवा भाग.

हिशेब असा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, सांगते की १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू एकही सापडता कामा नये. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी आणि वजन ग्रॅमच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाएवढे. दर १०० मिलिलिटरला एक म्हटले तर टाकीत दहा हजार जंतू झाले. त्या दहा हजारांचे मिळून वजन भरते ग्रॅमचा दहा कोटीवा भाग! ई. कोलायचे बहुतेक प्रकार स्वतः निरुपद्रवी असतात, पण त्यांचे सापडणे म्हणजे विष्ठा पाण्यापर्यंत पोचल्याची खूण. त्याच वाटेने कॉलरा, टायफॉइड आणि कावीळही येते.

आता त्याच टाकीत मानकातले बाकीचे आकडे मोजून पाहू. विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० ग्रॅमपर्यंत चालतात. नायट्रेट ४५ ग्रॅमपर्यंत. फ्लोराइड १ ग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. आर्सेनिक आणि शिसे मात्र प्रत्येकी १० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या जेमतेम अर्ध्या दाण्याएवढे. पारा १ मिलिग्रॅम. आणि सगळ्यात खाली जंतू. टीडीएसची मर्यादा आणि जंतूंचे वजन यांत पाच हजार कोटी पटींचे अंतर आहे.

घरी पाणी तपासायचे म्हणजे या अंतराशी गाठ आहे. घरात तपासणीसाठी काही असलेच, तर ते बहुधा एकच साधन असते, टीडीएस मीटर. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्याच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा एकाने बदलायला आपल्या टाकीत एक ग्रॅम क्षार मिसळावे लागतात. आर्सेनिकची धोक्याची रेषा त्याच्या शंभराव्या भागावर आहे आणि जंतू तर मीटरला दिसतच नाहीत. त्यामुळे मीटरवर ८० आकडा असलेले पाणी दूषित असू शकते आणि ४५० आकड्याचे विहिरीचे पाणी निर्धोक असू शकते. दारावर येणारा विक्रेता पाण्यात लोखंडी सळ्या बुडवून, वीज सोडून तपकिरी गाळ दाखवतो. तो गाळ मुख्यतः सळीच्याच विरघळलेल्या लोखंडाचा असतो. कमी क्षारांच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते, एवढेच.

‘शुद्ध’ पाण्यात परके काहीच नसते, हाही समज आकड्यांपुढे टिकत नाही. २०० मिलिलिटरच्या पेल्यात पाण्याचे सुमारे ६,७०० कोटी कोटी कोटी रेणू असतात. आर्सेनिक मर्यादेवर असेल तर त्याच पेल्यात त्याचे सुमारे १६० कोटी कोटी अणू असतात. तरीही प्रमाण पडते पाण्याच्या ४२ कोटी रेणूंमागे एक. रसायनांच्या बाबतीत प्रश्न ‘आहे की नाही’ असा नसून ‘किती आहे’ असा असतो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड मर्यादा ओलांडते, तेव्हा आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले की हाडे ताठरतात. असे पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते.

जंतूंचा हिशेब वेगळा. एक ग्रॅम मानवी विष्ठेत ई. कोलायची संख्या सहज दहा कोटींच्या घरात असते. हा एक ग्रॅम पाण्यात समान मिसळला, तर दर १०० मिलिलिटरला एक जंतू या दराने एक कोटी लिटर पाणी नापास होईल. आपल्यासारख्या दहा हजार टाक्या! फुटक्या जलवाहिनीशेजारून गटार वाहत असेल, तर एवढ्याने भागते.

इतका लहान जंतू घरी दिसायचा कसा? त्याला वाढू द्यायचे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. असे तीस वेळा, म्हणजे दहा तास चालले, तर एकाचे १,०७,३७,४१,८२४ होतात. सूक्ष्मदर्शकाशिवाय जंतू ओळखणाऱ्या चाचण्या याच वाढीवर चालतात. १९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी अशी एक स्वस्त चाचणी मांडली. तीच गावोगावची एचटूएस बाटली. तिच्यात पोषकद्रव्ये आणि लोहाचा क्षार असतो. खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. काळी पडलेली बाटली म्हणजे वाढवलेल्या जंतूंचा साठा. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि ब्लीचिंग पावडर घालूनच टाकून द्यावी.

पण बाटली काळी झाली नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. समजा, पूर्ण टाकीत फक्त शंभर जंतू आहेत, दहा लिटरला एक. मग १०० मिलिलिटरच्या शंभर नमुन्यांपैकी नव्व्याण्णव स्वच्छ निघतील. चौघांचे कुटुंब मात्र दिवसाला बारा लिटर पिते, म्हणजे त्यांच्या पोटात रोज सरासरी एक जंतू जाईल. शिगेला हा हगवणीचा जंतू असेल, तर दहा ते शंभर जंतूही माणसाला आजारी पाडू शकतात. म्हणून एकदाच केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

रोजची राखण करतो तो क्लोरीन. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. टाकीत हे प्रमाण फक्त ०.२ ग्रॅम होते. पण रेणूंच्या हिशेबाने दहा हजार जंतूंपैकी प्रत्येकामागे सुमारे १,७०० कोटी कोटी रेणू उभे राहतात! पाणी गढूळ असेल, तर हाच क्लोरीन मातीवर आणि सेंद्रिय कचऱ्यावर खर्च होतो, म्हणून आधी गाळणे आणि निवळणे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतो ती हाच शिल्लक क्लोरीन पाहण्यासाठी. नमुन्यात ओटीचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. घरीही ही चाचणी मिनिटभरात होते. तपासलेले पाणी मात्र पिऊ नये, ओतून द्यावे.

तेव्हा तुमच्या घरी क्रम असा ठेवा. नळाच्या पाण्याची क्लोरीन चाचणी नियमित करा. पहिल्या पावसानंतर, जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर आणि टाकी धुतल्यानंतर एचटूएस बाटली भरा. शंका आली तर पाणी खळखळून उकळा, जंतू मरतात. विहीर किंवा बोअर असेल तर फ्लोराइड, नायट्रेट आणि जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेतच करून घ्या. जलजीवन मिशनखाली गावोगावी फील्ड टेस्ट किट वापरण्यासाठी महिलांना शिकवले आहे, प्राथमिक तपासणीसाठी त्यांच्याकडे नमुना घेऊन जा. टीडीएस मीटर खुशाल ठेवा, पण त्याच्या आकड्यावर मुलाबाळांचे पाणी ठरवू नका.