‘सूत्रांनी सांगितले’ म्हणजे नेमके कोणी?

लोहाऱ्यात बसून आपण दहशतवादाच्या बातम्या पाहतो त्या मुंबई-दिल्लीच्या चॅनलवरच्या. तासाभरात त्याची क्लिप जयंतीच्या ग्रुपवर येते आणि आपलीच पोरे ती पुढे ढकलतात. मित्रांनो, ही बातमी तयार कशी होते ते आधी पाहू.

अटकेच्या दिवशी पत्रकाराच्या हाती एकच बाजू असते, पोलिसांची. आरोपी कोठडीत, वकील अजून ठरलेला नाही, घरच्यांनी दार लावून घेतलेले. यूएपीएच्या गुन्ह्यात आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तोवर छापून येणारे बहुतेक सगळे ‘सूत्रांनी सांगितले’ याच सदरातले. ‘आरोपीची कबुली’ असा मथळा तर हमखास येतो. पण मोक्कासारखा विशेष कायदा सोडला, तर पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मथळ्यात मात्र ती चालते.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१२ मध्ये एटीएसने नांदेडमधून काही तरुणांना पकडले. आरोप लष्कर-ए-तय्यबाशी संबंध आणि हत्येच्या कटाचा. जून २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले, पुराव्याअभावी दोघांना सोडले. सुटलेल्यांपैकी एकाचा फळविक्रीचा धंदा होता. दोषी ठरलेले आणि सुटलेले सुरुवातीला एकाच मथळ्यात होते. कोण दोषी, कोण निर्दोष हे कळायला नऊ वर्षे लागली, आणि तेव्हा कॅमेरे नव्हते.

‘हे त्यांचे प्रकरण, आपले काय?’ असे कुणी म्हणेल. ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्यात अटक झाली, नक्षलवादी म्हणून. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. चाळीस महिने तुरुंगात गेले. जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक. जामिनाला जानेवारी २०२५ उजाडला. या खटल्याचा निकाल न्यायालय देईल, पण ‘शहरी नक्षलवादी’ हा शिक्का वाहिन्यांनी २०१८ मध्येच मारून टाकला होता.

याचा अर्थ तरुण भरकटत नाहीत असा नाही. अंगुलीमालाची कथा आपल्याला पाठ आहे, पण ती या नजरेने आपण वाचत नाही. तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी अहिंसक. सोबत्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले, गुरूने दक्षिणा मागितली हजार बोटे. एकटा पडलेला पोरगा आणि आज्ञा देणारा गुरू, एवढे पुरते. आज तो गुरू मोबाईलमध्ये असतो. ‘बघ, हे तुला काय समजतात’ एवढेच त्याला सांगायचे असते, आणि दाखवायला आपल्या वाहिन्यांचीच क्लिप तयार असते.

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले. त्यातला एक नोव्हेंबरमध्ये परतला. तिकडे आपल्याला संडास साफ करायला लावले, जखमेवर धड उपचारही केले नाहीत, असे त्याने तपासात सांगितल्याच्या बातम्या आल्या. पोरांना इसिसपासून परावृत्त करायला याहून चांगली बातमी नव्हती. पडद्यावर मात्र काळे झेंडे आणि बंदुकाच फिरत राहिल्या.