गेमिंग पीसी घेताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवा

गेमिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की चर्चा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. यूट्यूबवर सांगतात ते फ्रेम्सचे आकडे खोटे नसतात. फक्त ते साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात मे महिन्यात पारा ४३च्या घरात जातो आणि तापलेल्या स्लॅबखाली पंखाही गरम हवाच फेकतो. तेच मशीन इथे वेगळं वागतं.

कारण साधं आहे. हीटसिंक आणि पंखा कितीही भारी असले तरी चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्यांच्या हातात असतं. समजा, खेळ रंगात असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४८ अंश वर जातो. खोली २२ अंशांवर असेल तर तो ७० वर राहतो. खोली ४३ वर गेली की हिशेब ९१ वर पोहोचतो. रायझन ५ ५६०० या लोकप्रिय प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. ती गाठली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते आणि ऐन लढाईत खेळ अडखळू लागतो. दोष इंटरनेटला दिला जातो, तो भाग वेगळा.

म्हणून इथल्या माणसाने कार्ड निवडताना वॅट आधी बघावेत. कार्ड जेवढी वीज खातं, ती जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीतच येते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागत; त्यानंतरचं ४०६० साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त काम ११५ वॅटमध्ये करतं, मेमरी मात्र १२ऐवजी ८ जीबी. १०८० रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला हा सौदा परवडतो. ४के मॉनिटरला चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, आणि ५०९० सारखं कार्ड एकटंच ५७५ वॅट ओढतं. एसी नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते म्हणजे उन्हाळ्यात लावलेला हीटर.

कॅबिनेट घेताना समोरची काच आणि रंगीत दिवे यांना भुलू नका. समोर जाळी हवी, मागे हवा बाहेर काढणारा पंखा हवा. आणि पैसे वाचवायचेच तर ते मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये वाचवू नका. व्होल्टेज २३० वरून खाली आलं की तेवढीच शक्ती द्यायला एसएमपीएस जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी जवळपास निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बेनावाचा एसएमपीएस गेमिंगसाठी नकोच. बोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जायची त्याची तयारी असते. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही चांगले एसएमपीएसही वीज गेल्याबरोबर बंद पडतात, हे दुकानातच विचारून घ्या. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. तो गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता.

विदर्भाचा खरा मित्र कूलरच. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ४३ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेला चांगला कूलर २८ अंशांच्या आसपास आणतो. खोली तिशीत राहिली तरी प्रोसेसरला दहा-बारा अंशांची उसंत मिळते. फक्त कॅबिनेट थेट झोतात ठेवू नका. जड पाण्याचे तुषार सुकले की क्षार बोर्डावर बसतात. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

राहिली धूळ. हा कापसाचा जिल्हा. धुळीबरोबर कापसाचे तंतू आले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांचा नमदा तयार होतो आणि पंखा फिरत असूनही हवा पुढे सरकत नाही. होळीच्या सुमारास कूलर काढून घासता, त्याच दिवशी कॅबिनेटही उघडा. प्लग काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा. ओलं फडकं मात्र आत नेऊ नका.