तिन्हीसांजेचं विशेषण

‘क्रिपस्क्युलर’ हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा कानावर पडला, तर तो एखाद्या त्वचारोगाचं नाव वाटण्याचीच शक्यता जास्त. अर्थ मात्र देखणा आहे: संधिप्रकाशाचा, संधिप्रकाशात वावरणारा. लॅटिनमध्ये ‘क्रेपुस्कुलुम’ म्हणजे कातरवेळ. त्यावरून सतराव्या शतकात इंग्रजांनी हे विशेषण घडवलं.

रोजच्या बोलण्यात ते भेटत नाही. त्याचं खरं घर प्राणिशास्त्रात. दिवसा वावरणारे दिनचर, रात्री वावरणारे निशाचर. मग रानसशाला काय म्हणायचं? तो झुंजुमुंजू होताना आणि दिवेलागणीला चरायला बाहेर पडतो. चितळांचे कळपही ऊन चढलं की सावलीत रवंथ करत बसतात. रातवा तर नावातच रात्र घेऊन फिरतो, पण त्याची कीटकांमागची धावपळ पाहायची, तर सूर्य नुकता बुडालेला असताना रानवाटेवर थांबावं. उन्हाचा ताप टळतो आणि अंधुक उजेडात शत्रूच्या नजरेतून निसटायला थोडी मदत होते, म्हणून ही वेळ अनेकांना सोयीची. अशांना सरसकट निशाचर म्हणणं म्हणजे सकाळच्या पाळीच्या माणसाला रात्रपाळीचा ठरवणं.

ढगांच्या फटींतून पंख्यासारखे फाकणारे किरणही ‘क्रिपस्क्युलर’. ते वास्तविक जवळजवळ समांतर असतात. दूरवर गेलेले रेल्वेचे रूळ जसे एकत्र आल्यासारखे दिसतात, तसाच हा नजरेचा खेळ. गंमत अशी, की हे किरण भरदुपारी दिसले तरी नाव तेच.

सूर्य क्षितिजाखाली 6 अंश उतरेपर्यंतच्या उजेडाला खगोलशास्त्रात नागरी संधिप्रकाश म्हणतात. मुंबईत तो वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, लंडनच्या जूनमध्ये पाऊण तास रेंगाळतो. तिथल्या लेखकांना या वेळेसाठी वेगळं विशेषण लागलं, यात नवल नाही.

मराठीत पहाट वेगळी, तिन्हीसांज वेगळी. दोन्हींना कवेत घेणारा शब्द शोधायचा, तर ‘संध्या’ आहे: प्रातःसंध्या आणि सायंसंध्या. पण विशेषण करायला गेलं, की ‘सांध्य’ पुन्हा संध्याकाळकडेच झुकतं. ‘संधिप्रकाशी ससा’ त्यातल्या त्यात बरा.

इंग्रजीत हा शब्द वापरताना हात जरा आखडता ठेवावा. वटवाघळाला, धूसर गल्लीला, अर्धवट उमगलेल्या कल्पनेला तो शोभतो. साडेपाचच्या चहाला कुणी ‘क्रिपस्क्युलर’ म्हटलं, तर इंग्रजसुद्धा कप खाली ठेवून बघत राहील.