कोरी वही

भारतातून येताना मी चित्रकलेची वही आणली होती. कायझर्सलाउटर्नमध्ये तीन वर्षं ती कोरीच राहिली. वेळ नसतो, हे कारण खोटं होतं. लेक किंडरगार्टनला गेली की घर रिकामंच असे. भीती होती ती चित्र बिघडण्याची.

शाळेत मी मुलांकडून शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायचे. तिथे चित्राला श्रेणी मिळते. नोकरी सुटली, पण मनातला परीक्षक सोबत आला.

या उन्हाळ्यात इथल्या जपानी बागेत लेकीने माझ्याच वहीत मासा काढला, चक्क जांभळा! "आई, आता तू."

माझा मासा वाकडा आला. तरी पान फाडलं नाही.

मंडळी, तुमची पेटी, तुमची घुंगरं कुठल्या बॅगेत पडली आहेत?