राहीच्या हातातलं पिस्तूल

आमच्या बुऱ्हाणपुरात 'पिस्तूल' म्हटलं की लोकांना पाचोरी गावातल्या बेकायदा हत्यारांच्या, धरपकडीच्या बातम्या आठवतात. मला आठवते कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत.

ऑगस्ट 2018, पालेमबांग, आशियाई स्पर्धा. 25 मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफस्वान दोघीही 34 गुणांवर अडकल्या. शूट-ऑफमध्ये राहीने सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

या प्रकारात .22 बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक लागतं. गोळी सुटली की मागे येणाऱ्या दाबानेच पुढचं काडतूस चढतं. वेगवान टप्प्यात लक्ष्य फक्त 3 सेकंद समोर राहतं, मग 7 सेकंद गायब. तेवढ्यात हात वर, नेम आणि एकच गोळी! म्हणून नळी हाताच्या शक्य तितकी जवळ, खाली ठेवतात. झटका सरळ मागे येतो, नळीचं तोंड कमी उसळतं.

खरी गंमत मुठीत. लाकडी मूठ नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे कानस, पॉलिश पेपर, पुट्टी वापरून घडवतात. कागदावर 'लार्ज' असली तरी माझ्या मते तयार मूठ कुणालाच नीट बसत नाही. पण मनमानी चालत नाही. मुठीने मनगटाला आधार द्यायचा नाही, ट्रिगरचं वजन किमान 1000 ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. तपासणीत ट्रिगरला चक्क वजन टांगून बघतात!