वर्ग पुन्हा दिसू लागावा म्हणून
वर्गातली माणसं : भाग 7

गेल्या दोन भागांत आपण वाचनात मागे राहणाऱ्या मुलांविषयी बोललो. आज त्या मुलांसमोर उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलायचं आहे, आणि तेही नोकरीची बारा-पंधरा वर्षं पार पडलेल्या शिक्षकाविषयी. नवा शिक्षक चुकतो, रडकुंडीला येतो, पण सकाळी त्याला वर्गात जायचं असतं. पुढे काही जणांचं असं होतं की जूनमध्ये नवी मुलं समोर बसतात आणि त्यांची नावं लक्षात ठेवण्याचीही उमेद उरत नाही. टाचण गेल्या वर्षीचंच उतरवलं जातं. ‘आता फक्त नोकरी म्हणून करायचं’ हे वाक्य प्रशिक्षणवर्गांत चहाच्या सुट्टीत हमखास कानावर येतं. ते म्हणणारे बहुतेक जण एके काळी फार चांगले शिक्षक होते. ज्याने कामात कधी जीवच ओतला नाही, त्याच्यावर असं म्हणण्याची वेळ येत नाही.

या अवस्थेचा, म्हणजे बर्नआउटचा, अभ्यास जुना आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये ती पाहिली आणि 1974 मध्ये तिच्यावर लिहिलं. 1981 मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली दिली. त्यांनी तीन लक्षणं वेगळी काढली : मन पार रिकामं करणारा थकवा, समोरच्या माणसाविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या कामाने काही घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही; कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी अवस्था, अशी केली. ही नोंद मला फार मोलाची वाटते. माणसाला औषध देण्याआधी त्याच्या कामाची मांडणी तपासा, असं त्यातून आपसूकच निघतं.

शिक्षकाच्या बाबतीत या तिन्हींपैकी शेवटचं लक्षण सर्वांत घातक आहे, असं माझं मत आहे. थकवा दिवाळीच्या सुट्टीत थोडाफार उतरतो. आपल्या शिकवण्याने काही होतं की नाही, हा संशय मात्र सुट्टीत वाढतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात हेच दाखवलं. शिक्षकाला टिकवून धरणारं सर्वांत मोठं समाधान पगारात किंवा बढतीत नसतं. मुलापर्यंत आपण पोहोचलो, हे जाणवण्यात असतं. आणि नेमकं तेच कधी खात्रीने हाती लागत नाही. मूल शिकलं ते आपल्यामुळे, घरामुळे की नुसतं वय वाढल्यामुळे? त्यात प्रत्येक जण आपापल्या चार भिंतींत एकटा शिकवतो, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला?

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतला एक दिवस डोळ्यांपुढे आणा. परिपाठ संपतो, हजेरी होते. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन दुसरीकडे वळावं तोवर पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा असतो. तेवढ्यात आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो : अमुक तक्ता दुपारी बारापर्यंत भरून पाठवा, तातडीचं. आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, कार्यक्रमाचे फोटो. मधूनच मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक एवढ्यांसाठीच शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येतं. पण तक्ते, फोटो आणि नोंदणी ही शिक्षणाचीच कामं म्हणून येतात, त्यामुळे ते कलम त्यांना अडवत नाही.

या कामांत वेळ जातो, हे सगळेच बोलतात. त्याहून मोठं नुकसान सहसा बोललं जात नाही. तक्ता पाठवला नाही तर फोन येतो, पाठवला तर ‘प्राप्त’ असं उत्तर येतं. त्या कामाला कोणीतरी विचारणारं आहे. चौथीतली एक मुलगी आज पहिल्यांदा न अडखळता परिच्छेद वाचते, त्याबद्दल कोणी विचारत नाही. माणसाची नजर हळूहळू विचारणा होते तिकडे वळते. काही वर्षांनी शिक्षकाला तक्ता स्पष्ट दिसतो आणि मुलगी अंधूक. मग संध्याकाळी ‘आज काय केलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि शीण मात्र अंगभर असतो.

याचं सर्वांत वाईट वाटणारं उदाहरण वर्णनात्मक नोंदींचं. 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. नुसते गुण देऊन न थांबता प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने काय पाहिलं ते शब्दांत लिहावं, ही त्यामागची कल्पना अतिशय चांगली होती. तिच्यात शिक्षकाच्या नजरेला मान होता. प्रत्यक्षात चाळीस मुलं, प्रत्येक विषयाला वेगळ्या नोंदी आणि तपासणीला वही पूर्ण हवी. साहजिकच तयार नोंदींच्या याद्या आल्या, पुढे त्या पीडीएफमधून फिरू लागल्या : ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’, ‘परिसरातील घटकांची माहिती सांगते’. आता त्या उतरवल्या जातात. मुलाला पाहण्यासाठी दिलेली वही मुलाकडे न पाहता भरता येते. शिक्षकांना मी यात दोष देत नाही. चाळीस मुलांना एकाच वेळी इतक्या बारकाईने पाहणं कोणालाही जमणारं नाही.

तरीही नजर परत आणण्याचा रस्ता मला याच वहीतून जाताना दिसतो, फक्त वही स्वतःची हवी आणि ती कोणालाही दाखवायची नसावी. एका वेळी एकच मूल निवडावं. समजा, तिसरीतला एक मुलगा जोडाक्षर आलं की शब्दच गाळतो. आठवडाभर त्याच्याबद्दल रोज दोन ओळी लिहाव्यात : आज ‘पुस्तक’ वाचलं, ‘रस्त्यावर’ सोडलं, मोठ्याने वाचताना सोडतो, मित्राबरोबर वाचताना थांबून जुळवतो. शुक्रवारपर्यंत एक गोष्ट हाती लागते, बहुधा आपण अपेक्षिली नव्हती ती. पुढच्या आठवड्यात त्यानुसार काहीतरी बदलून पाहता येतं. त्यातून शिकवण्याचा परिणाम छोटा का होईना, स्वतःच्या अक्षरात समोर येतो. वर्गातली बाकीची मुलंही त्यामुळे निराळी दिसू लागतात, कारण बारकाईने पाहण्याची सवय एकाच मुलापाशी थांबत नाही.

दुसरा रस्ता दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसण्याचा. 2015 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचावं अशा, पद्धतीने वर्ग उभे केले होते. त्यानंतर अनेक शाळांत फरश्यांवर तिथल्यासारखी चित्रं रंगली, काही ठिकाणी काम तेवढ्यावरच थांबलं. पण त्या भेटींचा खरा लाभ रंगकामाहून मोठा होता. आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच मुलांना आपल्यासारखाच माणूस शिकवताना शिक्षकांना पाहायला मिळाला. जपानमध्ये हे रीतीचाच भाग आहे : काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. आपल्याकडे यासाठी व्यवस्था नव्याने उभारायला नको. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद त्यासाठीच आहे. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी एकाचा पाठ सर्वांनी पाहिला, तरी लॉर्टी यांनी सांगितलेला एकटेपणा पुष्कळ कमी होईल. केंद्रप्रमुखांच्या हातात असलेली ही गोष्ट आहे आणि काही जण ती करतातही.

विश्रांतीबद्दल थोडक्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिना सोनेनटाग यांच्या संशोधनात, कामातून सावरण्यासाठी मनाने कामापासून सुटणं आवश्यक मानलं आहे. रात्री नऊ वाजता गटावर माहिती मागवली जात असेल तर शिक्षक घरी आला तरी सुटत नाही. त्याच संशोधनात नवं काही शिकण्यालाही सावरण्याचं साधन म्हटलं आहे. शिक्षकाने स्वतः विद्यार्थी व्हावं : पेटी शिका, पोहायला शिका, तालुक्यातल्या मुलांची बोली शिका. न येण्याची लाज आणि यायला लागल्याचा आनंद पुन्हा अंगावर आला की वर्गातलं मूल जवळचं वाटतं. अनुताई वाघ पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. 1945 पासून ताराबाई मोडकांबरोबर आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला त्या आदिवासी मुलांसाठी काम करत होत्या. मुलं शाळेत येईनात तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीवर नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. एवढं कठीण काम इतकी वर्षं त्यांच्याकडून कसं झालं, याचा विचार करताना मला हेच दिसतं की त्यांची नजर पटावरच्या आकड्यावर नव्हती, कुरणात बसलेल्या मुलावर होती.

मात्र हे सगळं शिक्षकाच्या एकट्याच्या निर्धारावर सोडणं अन्यायाचं आहे. मॅस्लॅक यांनीच पुढे मायकेल लायटर यांच्याबरोबर कामाची जी अंगं तपासायला सांगितली, त्यांत कामाचा भार, कामावरचा स्वतःचा ताबा आणि न्याय्य वागणूक ही आहेत. दोन ओळींची वही यांपैकी कशाचीही भरपाई करत नाही. रिक्त जागा भरणं, तक्त्यांची संख्या कमी करणं, शाळेत लिपिक देणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती मागितलीच पाहिजे.

पालकांच्या हातीही एक साधन आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत, शिक्षकांवर कलम 27 बाहेरच्या अशैक्षणिक कामाचा बोजा पडत नाही ना, यावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम सांगितलं आहे. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर समितीच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा : गेल्या महिन्यात आमच्या गुरुजींचे, बाईंचे किती तास वर्गाबाहेरच्या कामात गेले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.